कायदा होईपर्यंतचा कायदा

कायदा करण्याचा अधिकार संसदेचा आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार न्यायालयाचा, ही विभागणी भारतीय संविधानात गृहीत धरलेली असली, तरी ज्या विषयावर कायदाच झालेला नाही त्या विषयात नागरिकाच्या मूलभूत हक्कावर घाला आला तर न्यायालयाने काय करावे, याचे थेट उत्तर संविधानाच्या कोणत्याही अनुच्छेदात दिलेले नाही. 'विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच पेच उभा राहिला. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती राहिलेल्या न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. कृपाल यांच्या खंडपीठाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी त्याचा निकाल दिला.

राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून गावपातळीवर काम करणाऱ्या भंवरी देवी यांनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. तो फौजदारी खटला वेगळा. महिला संघटना आणि सामाजिक कार्यकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेचा प्रश्न त्याहून व्यापक होता : स्त्रीवर तिच्या कामामुळे अत्याचार ओढवत असेल, तर तिच्या संरक्षणाची जबाबदारी तिला काम देणाऱ्यावर आहे की नाही? त्या काळी या जबाबदारीविषयी एकही स्वतंत्र कायदा नव्हता.

खंडपीठाने असे मानले की कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ हा समानतेचा (अनुच्छेद १४ व १५), व्यवसाय करण्याचा (अनुच्छेद १९) आणि सन्मानाने जगण्याचा (अनुच्छेद २१) हक्क हिरावून घेतो, आणि मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याची मुभा अनुच्छेद ३२ ने दिलेली असल्यामुळे, कायदा नाही एवढ्या कारणावरून नागरिकाला रिकाम्या हाताने परत पाठवता येणार नाही. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्यासाठी झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याला भारताने १९९३ मध्ये अधिकृत मान्यता दिलेली होती. देशातील कायद्याशी विसंगती नसेल तेथे असा करार हक्कांचा अर्थ लावताना आधाराला घ्यावा, हे तत्त्व न्यायालयाने येथे वापरले. या आधारावर न्यायालयाने कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती केंद्र सरकारच्या संमतीने घालून देण्यात आली, याचा उल्लेख निकालपत्रातच आहे, आणि न्यायालयाने संसदेच्या अधिकारावर अतिक्रमण केले असा आक्षेप घेणाऱ्यांनी तो अवश्य लक्षात घ्यायला हवा.

त्या तत्त्वांत लैंगिक छळाची व्याख्या होती आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार समिती नेमण्याचे बंधन होते. समितीची अध्यक्ष स्त्री असावी, निम्म्याहून कमी नसतील एवढ्या सदस्य स्त्रिया असाव्यात, आणि वरिष्ठांचा दबाव येऊ नये म्हणून स्वयंसेवी संस्थेसारखा बाहेरचा पक्ष समितीत असावा, असे तपशील त्यात होते. ज्या साहेबाविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच हाताखालच्या माणसांपुढे बोलावे लागते, ही नोकरदार स्त्रीची खरी अडचण या शेवटच्या तरतुदीने ओळखली होती. योग्य तो कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक राहतील, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक ठरवणारा अनुच्छेद १४१ त्यामागे होता.

हा हस्तक्षेप योग्यच होता. मात्र न्यायालयाच्या हातातील साधन किती तोकडे असते, हेही त्यातून दिसले. समिती न नेमणाऱ्या मालकाला दंड करण्याची तरतूद या तत्त्वांत नव्हती, आणि समितीच्या अहवालाला शिस्तभंगाच्या चौकशीत काय स्थान, हेही संदिग्ध होते. पुण्यातील कार्यकर्त्या मेधा कोतवाल-लेले यांनी या दुरवस्थेबद्दल पाठवलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले; त्यावर २००४ मध्ये समितीचा अहवाल हाच चौकशी अहवाल मानण्याचा आदेश झाला, तर ऑक्टोबर २०१२ मध्ये सेवानियमांत तशी दुरुस्ती न केलेल्या राज्यांना दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली.

संसदेचा कायदा आला तो २०१३ मध्ये, म्हणजे निकालानंतर सोळा वर्षांनी. 'तात्पुरती' म्हणून केलेली सोय सरकारे सवडीने कायमची मानू लागतात, आणि या दिरंगाईचा दोष न्यायालयाकडे जात नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती, त्याहून लहान ठिकाणांसाठी आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी जिल्ह्यातील स्थानिक समिती, आणि कसूर करणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, या तरतुदी कायद्यामुळेच शक्य झाल्या.

तरीही काम संपलेले नव्हते. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात समितीने चौकशी घाईने उरकून आरोप असलेल्या प्राध्यापकाला बचावाची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले, कारण सदोष चौकशीत तक्रारदार स्त्रीचेही नुकसानच होते. त्याच निकालात केंद्र आणि राज्य सरकारांना आपल्या सर्व खात्यांत समित्या नेमल्या गेल्या आहेत की नाहीत, याची ठरावीक मुदतीत पडताळणी करण्याचा आदेश देण्यात आला.