दोन फ्रेंच ग्रामचरित्रे आणि त्यांमागील भाषा

१९७५ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन ग्रंथांना विद्वानांच्या वर्तुळाबाहेर फार मोठा वाचकवर्ग लाभला. त्यांपैकी एक म्हणजे प्येर-जाकेझ एलियास यांचा ‘ल शव्हाल दॉर्गेय’, अर्थात ‘अभिमानाचा घोडा’. आणि दुसरा म्हणजे एमान्युएल ल र्वा लादुरी यांचा ‘मोंतायू’. पहिल्यात ब्रिटनीच्या नैर्ऋत्य टोकावरील बिगुदेन या प्रदेशाचे, पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातील ग्रामजीवन आहे. दुसऱ्यात पिरेनीज पर्वतातील एका खेड्याचे १२९४ ते १३२४ या तीस वर्षांतील जीवन आहे. दोन्ही ग्रंथ फ्रेंच भाषेत आहेत. तथापि ज्या माणसांचे जीवन त्यांत वर्णिले आहे, त्यांची बोलण्याची भाषा फ्रेंच नव्हती. बिगुदेनचे शेतकरी ब्रेटन बोलत, आणि ही भाषा वेल्शशी नाते सांगणाऱ्या केल्टिक कुळातील होय; मोंतायूचे मेंढपाळ ऑक्सितान बोलत, जी लॅटिनोद्भव असली तरी फ्रेंचपेक्षा कातालानला अधिक जवळची आहे. ही गोष्ट या ग्रंथांच्या वाचकांना ठाऊक नसते असे नाही. परंतु तिचे परिणाम कोठवर पोहोचतात याचा विचार क्वचितच केला जातो.

फ्रान्समध्ये प्रादेशिक भाषांचा प्रश्न जुना आहे. राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ साली, आबे ग्रेग्वार यांनी राष्ट्रीय सभेपुढे जो अहवाल ठेवला त्यात निदान साठ लक्ष फ्रेंच नागरिकांना राष्ट्रभाषा येत नाही असे नमूद केले होते, आणि ‘पात्वा’ म्हणून हिणविल्या जाणाऱ्या बोली नाहीशा करण्याचा उपाय सुचविला होता. १८८१-८२ च्या झ्यूल फेरी यांच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले, आणि ते शिक्षण फ्रेंचमधून होते.

एलियास यांचा जन्म १९१४ साली पूलद्रझिक या गावी एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. घरची भाषा ब्रेटन. फ्रेंचशी खरी गाठ पडली ती शाळेत. शाळेत ब्रेटन बोलताना सापडलेल्या मुलाच्या हाती एखादी क्षुद्र वस्तू देण्यात येई. तिला मुले ‘गाय’ म्हणत. दुसरे कोणी ब्रेटन बोलताना आढळले की ती त्याच्याकडे सोपवायची, आणि शेवटी जिच्या वाट्याला ती राहील त्या मुलाला शिक्षा. या प्रथेचे एलियास यांनी केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. त्यातील अधिक बोधप्रद भाग मात्र पालकांविषयीचा आहे. आपल्या मुलाला शाळेत शिक्षा झाली म्हणून ते शिक्षकावर रागावत नसत. फ्रेंच आली तर मुलगा दारिद्र्यातून बाहेर पडेल हे त्यांना पक्के ठाऊक होते. भाषेचा ऱ्हास केवळ राजसत्तेच्या जुलमाने होतो, या सोप्या समजुतीला या प्रकरणाने चांगलाच धक्का बसतो.

हा ग्रंथ झाँ मालोरी यांच्या ‘तेर युमेन’ या मालेत निघाला. लेव्ही-स्त्रोस यांचा ‘त्रिस्त त्रोपिक’ याच मालेत १९५५ मध्ये आला होता. म्हणजे ब्राझीलमधील आदिवासी आणि ब्रिटनीतील शेतकरी एकाच मालेत शेजारी बसले. फरक इतकाच, की येथे ज्याचे वर्णन करावयाचे तोच लेखणी घेऊन बसला होता. एलियास अनेक वर्षे ब्रेटन आकाशवाणी कार्यक्रमांशी संबंधित होते आणि वृत्तपत्रांतून दोन्ही भाषांत लिहीत असत. आपला ग्रंथ ब्रेटनमधून आपणच अनुवादिला आहे असे त्यांनी सांगितले. त्या ग्रंथाचे ब्रेटन रूप मात्र छापून आले ते १९८६ साली. मूळ म्हणविणारा ग्रंथ अनुवादानंतर अकरा वर्षांनी वाचकांपुढे यावा, हा क्रम वाङ्मयेतिहासात विरळाच. मधल्या काळात फ्रेंच पुस्तकाच्या काही लाख प्रती खपल्या, आणि १९८० मध्ये क्लोद शाब्रोल यांनी त्यावर चित्रपटही काढला.

ब्रिटनीतील तरुण पिढीचे मात्र याने समाधान झाले नाही. कवी झाव्ह्ये ग्राल यांनी १९७७ मध्ये ‘ल शव्हाल कुशे’, म्हणजे ‘आडवा पडलेला घोडा’, हा ग्रंथ लिहून एलियास यांना उघड विरोध केला. एलियास यांनी जिवंत ब्रिटनीचे मृत्युलेख लिहिले, अशी त्यांची तक्रार होती. तक्रारीचा सूर चढा होता हे खरे. पण ती निराधार नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी दहा लक्षांहून अधिक माणसे ब्रेटन बोलत. २०२४ च्या पाहणीत ती संख्या सुमारे एक लक्ष सात हजार आढळली. पाहुण्याच्या भाषेत लिहिलेली आठवण लाखो घरांत पोहोचली, आणि यजमानाची भाषा ओसरीवरच राहिली.

पूलद्रझिकला लागूनच प्लोझेवे हे गाव आहे. तेथे १९६१ ते १९६५ या काळात मानववंशशास्त्रज्ञ, वैद्य, इतिहासकार व समाजशास्त्रज्ञ यांच्या पथकांनी विस्तृत पाहणी केली. तीतून एदगार मोरँ यांचा १९६७ चा ग्रंथ निघाला. त्यात गावाचे नाव बदलून ‘प्लोदेमे’ केले आहे. आंद्रे ब्युर्गियेर यांचा प्लोझेवेवरील ग्रंथ पुन्हा १९७५ चाच. एलियास यांच्याबरोबर हे दोन ग्रंथ ठेवून वाचले असता, बाहेरून पाहणाऱ्यास काय दिसते आणि आतल्यास काय आठवते यांतील अंतर सहज मोजता येते.

मोंतायूची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. पाम्येचे बिशप झाक फूर्निये, जे १३३४ मध्ये बेनेडिक्ट बारावे या नावाने पोप झाले, यांनी १३१८ ते १३२५ या काळात काथार पाखंडाचा शोध घेण्यासाठी इन्क्विझिशनचे न्यायासन चालविले. गोव्याच्या इतिहासामुळे हा शब्द मराठी वाचकास अपरिचित नाही. त्या न्यायासनापुढे ५७८ चौकश्या झाल्या. पाच जणांना जिवंत जाळण्यात आले. जबान्यांची नोंदवही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सुरक्षित राहिली, आणि झाँ द्युवेर्न्वा यांनी १९६५ मध्ये तिची लॅटिन संहिता तीन खंडांत संपादिली. ल र्वा लादुरी यांचा सारा प्रासाद या पायावर उभा आहे. मेंढपाळ प्येर मोरी, लोभी व विषयासक्त धर्मगुरू प्येर क्लेर्ग, गढीवरील विधवा बेआत्रीस द प्लानिसोल ही माणसे तीतूनच उठून चालू लागतात. उन्हात बसून एकमेकींच्या उवा काढणाऱ्या बायकांच्या गप्पा, किंवा घराचे भाग्य घराबाहेर जाऊ नये म्हणून मृत कुटुंबप्रमुखाचे केस व नखे जपून ठेवण्याची रीत, असले तपशील अन्य कोणत्या मध्ययुगीन साधनात इतक्या विपुलतेने सापडतील?

परंतु हे तपशील आपल्यापर्यंत कसे आले ते पाहणे अगत्याचे आहे. साक्षीदार ऑक्सितानमध्ये बोले. लेखनिक ते लॅटिनमध्ये उतरवी. मसुदा साक्षीदारास त्याच्या भाषेत समजावून सांगितला जाई. नंतर तो चर्मपत्रावर उतरे. या प्रवासात ‘मी’ चा ‘तो’ झाला. येथे मराठी वाचकाने विशेष सावध असावे. ‘मी येतो असे तो म्हणाला’ या मराठी वाक्यात परोक्ष कथनातही प्रथम पुरुष टिकून राहतो; लॅटिनमध्ये तो टिकत नाही. नोंदवहीत साक्षीदाराने सांगितलेले इतरांचे संवाद पुष्कळदा थेट आले असले, तरी त्याचे स्वतःचे कथन तृतीय पुरुषात आहे. ल र्वा लादुरी यांनी ते पुन्हा प्रथम पुरुषात, अवतरणचिन्हांसह, फ्रेंचमध्ये आणले. त्यामुळे मेंढपाळ थेट आपल्याशी बोलतो असे वाटते. वस्तुतः आपण ऐकतो ते भीतीने दिलेल्या उत्तराच्या लॅटिन सारांशाचे फ्रेंच नाट्यरूप होय.

ग्रंथकारास याची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘ओस्ताल’, ‘फोगान्या’ असे शब्द त्यांनी तसेच ठेवले. फोगान्या म्हणजे चुलीची खोली, घराचे केंद्र. ओस्तालमध्ये वास्तू आणि कुटुंब हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीतील ‘घर’ या शब्दाने ते जितके सहज व्यक्त होतात तितके फ्रेंच शब्दाने होत नाहीत. मोंतायूत पाखंड पसरले ते एका ओस्तालातून दुसऱ्या ओस्तालात, आणि म्हणून हा एक शब्द कळला की ग्रंथाचा अर्धा युक्तिवाद कळतो.

टीका झालीच. १९८१ मध्ये लेनर्ड बॉइल या डोमिनिकन पंडिताने ग्रंथकाराच्या लॅटिनवाचनातील व पद्धतीतील दोष दाखविले. हेच बॉइल पुढे १९८४ मध्ये व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख झाले. १९८६ मध्ये मानवशास्त्रज्ञ रेनातो रोझाल्दो यांनी अधिक मूलगामी आक्षेप घेतला: पाखंडशोधकाने मिळविलेल्या उत्तरांना क्षेत्रपाहणीचे टिपण समजता येईल काय? द्युवेर्न्वा यांनी नोंदवहीचा फ्रेंच अनुवाद १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. लॅटिन न जाणणाऱ्या फ्रेंच वाचकास पडताळा पाहण्याचे साधन तेव्हा प्रथम मिळाले. तो अनुवाद शेजारी ठेवून ‘मोंतायू’ वाचणे कष्टाचे आहे खरे, पण प्येर मोरीचा आवाज कोठे संपतो आणि लेखनिकाचा कोठे सुरू होतो, हे त्यावाचून कळत नाही.