हाडात रुजलेला पाय

सकाळी अंथरुणातून उठून आपण जमिनीवर पाय ठेवतो, तेव्हा आपण काही विशेष करीत आहोत असे आपल्याला वाटत नाही. अंगणातील ओली माती, ओट्याचा गार दगड, वाटेवरची टोचणारी खडी या सर्वांची ओळख आपले पाय आपल्याला न मागता करून देत असतात. परंतु युद्धात, अपघातात किंवा दुर्धर रोगामुळे ज्याचा पाय गेला, त्याला विचारावे म्हणजे पावलाचे मोल कळते. त्याला प्रत्येक पाऊल मोजून टाकावे लागते. गेलेला पाय पुन्हा उगवत नाही. म्हणून माणसाने त्याच्या जागी दुसरा पाय बसविण्याचा ध्यास पुरातन काळापासून घेतला आहे.

ऋग्वेदात विश्पलेचा उल्लेख येतो. रणात तिचा पाय तुटला, तेव्हा देवांचे वैद्य अश्विनीकुमार यांनी तिला धातूचा पाय दिला, असे तेथे म्हटले आहे. ही कथा खरी मानावी की कल्पित, हा प्रश्न निराळा. परंतु मानवाची इच्छा किती जुनी आहे हे तिच्यावरून दिसते. पुढे सोळाव्या शतकात फ्रान्समधील विख्यात शस्त्रवैद्य आंब्रॉज पारे यांनी सैनिकांसाठी कृत्रिम हातपायांच्या रचना आखल्या. तेव्हापासून लाकूड, चामडे, लोखंड, रबर, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक असे कृत्रिम पायांचे साहित्य बदलत गेले. एक गोष्ट मात्र शतकानुशतके तशीच राहिली. ती म्हणजे तो पाय शरीराला जोडण्याची रीत.

ही रीत कोणती? मांडीचा जो भाग उरलेला असतो, तो पेल्याच्या आकाराच्या एका कठीण आवरणात घट्ट बसवितात. या आवरणाला सॉकेट असे म्हणतात. सॉकेटच्या खाली कृत्रिम गुडघा, नडगी व पाऊल जोडलेले असते. वरवर पाहता ही योजना उत्तम वाटते, आणि जगातील असंख्य माणसे तिच्याच आधारे चालतात. परंतु तिच्यात एक मूळचा दोष आहे. निसर्गाने शरीराचा भार हाडांवर सोपविला आहे. सॉकेटमध्ये तो मांसावर व कातडीवर येतो. मांडीचे हाड आतल्या आत मऊ मांसात हलते. चिखलात रोवलेली मेढ जशी डुलते, तसा तो पाय डुलतो. उन्हाळ्यात आत घाम साचतो, कातडी सोलवटते, जखमा होतात. वजन थोडे घटले की सॉकेट सैल पडते, थोडे वाढले की ते आवळते. बसताना त्याची कड जांघेत रुतते. उरलेली मांडी फारच आखूड असेल, तर सॉकेट तिच्यावर नीट बसतच नाही. अशा माणसाच्या घरात कृत्रिम पाय असूनही तो कोपऱ्यात उभा राहतो आणि माणूस कुबड्यांवर चालतो.

मग साहजिकच असे वाटते की, कृत्रिम पाय मांसावर टेकविण्याऐवजी सरळ हाडालाच का जोडू नये? मेढ चिखलात न रोवता खडकात रोवली म्हणजे झाले! परंतु ही गोष्ट बोलण्याइतकी सोपी नाही. आपल्या पायात काटा मोडला म्हणजे काय होते ते आठवा. ती जागा लाल होते, सुजते, तिच्यात पू धरतो. शरीर परक्या वस्तूला आपल्यात सुखाने राहू देत नाही. तिला बाहेर लोटावे, किंवा तिच्याभोवती चिवट वेष्टन घालून तिला वेगळे ठेवावे, हा शरीराचा स्वभाव आहे. हाडात ठोकलेला धातूही असाच परका राहील आणि काही दिवसांत ढिला पडेल, अशी वैद्यांची समजूत होती. ही समजूत दूर झाली ती एका शोधामुळे, आणि तो शोध लागला तो दुसराच शोध चालू असताना.

स्वीडन देशात पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचा जन्म १९२९ साली झाला व २०१४ साली ते निवर्तले. १९५२ च्या सुमारास लुंड येथील विद्यापीठात ते हाडाच्या आतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. जिवंत हाडात रक्त कसे वाहते हे सूक्ष्मदर्शकातून पाहता यावे, म्हणून त्यांनी टायटॅनियम धातूची एक लहानशी डबी करवून घेतली व ती सशाच्या पायाच्या हाडात बसविली. काम संपल्यावर ती महागडी डबी काढून पुन्हा वापरावी, असा त्यांचा विचार होता. परंतु काही केल्या ती डबी निघेना. हाड तिच्या पृष्ठभागापर्यंत वाढत येऊन तिला घट्ट चिकटून बसले होते. दुसरा एखादा मनुष्य या अडचणीवर चिडला असता आणि नवी डबी घेऊन कामाला लागला असता. ब्रोनेमार्क तेथे थांबले. हाडाने या धातूला परके का मानले नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी पुढील आयुष्य वेचले. हाड आणि धातू यांच्या या एकजीव होण्याला त्यांनी ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘ऑस’ म्हणजे हाड.

टायटॅनियम हा धातू पोलादापेक्षा बराच हलका पण अतिशय बळकट असतो. विमानांच्या बांधणीत त्याचा उपयोग होतो. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू आढळते, तिच्यातील इल्मेनाइट या खनिजात हाच धातू दडलेला असतो. हवेचा स्पर्श होताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा एक अत्यंत पातळ थर बसतो. हा थर धातूला गंजू देत नाही आणि शरीरातील द्रवांशी त्याचे वैर होऊ देत नाही. त्यामुळे हाडाच्या पेशी त्याच्या अगदी निकट येऊन तेथे नवे हाड रचतात. मात्र त्यासाठी एक अट असते. हाड धातूला धरू लागले असताना मधली जागा हलता कामा नये. आंब्याचे कलम बांधणारा माळी हे चांगले जाणतो. सांधा जुळेपर्यंत तो कलमाला धक्का लागू देत नाही. येथे फरक एवढाच, की सांध्याची एक बाजू जिवंत आहे आणि दुसरी निर्जीव.

या ज्ञानाचा पहिला उपयोग पायासाठी झाला नाही. तो दातांसाठी झाला. दातांचा भार पायाच्या भारापेक्षा पुष्कळच कमी, म्हणून तेथून आरंभ करणे शहाणपणाचे होते. १९६५ साली गोथेनबर्ग या शहरात ब्रोनेमार्क यांनी एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे लहान स्क्रू बसवून त्यांवर कृत्रिम दात बसविले. ते दात त्या गृहस्थाने चाळीस वर्षांहून अधिक काळ, म्हणजे मरेपर्यंत वापरले. तरीही अनेक तज्ज्ञांचा या गोष्टीवर बरीच वर्षे विश्वास बसला नाही. १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे भरलेल्या परिषदेत ब्रोनेमार्क यांनी आपला पुरावा जगापुढे मांडला, तेव्हा कोठे त्यांचे म्हणणे सर्वत्र मान्य होऊ लागले. आज दंतवैद्य जे दात हाडात रोवून बसवितात, त्यांचे मूळ येथे आहे.

आता पायाची पाळी आली. १९९० साली स्वीडनमध्ये दोन्ही पाय मांडीपासून गमावलेल्या एका तरुणीवर ही शस्त्रक्रिया प्रथम करण्यात आली. या कार्याची धुरा पुढे ब्रोनेमार्क यांचे चिरंजीव, अस्थिशल्यवैद्य रिकार्ड ब्रोनेमार्क यांनी वाहिली. आरंभीच्या वर्षांत यश आले तसे अपयशही आले. काही रुग्णांच्या हाडातील धातू ढिला पडला. त्या अपयशापासून धडा घेऊन १९९९ साली शस्त्रक्रियेची व नंतरच्या व्यायामाची निश्चित पद्धती ठरविण्यात आली.

ही पद्धती समजून घेण्यासारखी आहे. पहिल्या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाच्या पोकळीत आटे पाडलेली टायटॅनियमची नळी फिरवून बसवितात आणि जखम शिवून टाकतात. त्यानंतर सुमारे सहा महिने त्या हाडाला विश्रांती देतात. या अवधीत हाड धातूला धरते. मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत एक दांडी त्या नळीला जोडून कातडीतून बाहेर काढतात. जेथे दांडी बाहेर येते, तेथील कातडी पातळ करून हाडाच्या टोकाला चिकटवितात, म्हणजे ती दांडीभोवती हलत नाही. यानंतर तरी चालता येते काय? नाही. रुग्ण प्रथम एक आखूड सरावाचा पाय लावतो आणि घरातील वजनकाट्यावर तो दाबून धरतो. आज अमुक किलो, पुढच्या आठवड्यात त्याहून थोडे अधिक, अशा बेताने भार वाढवीत नेतात. काट्यावरचा आकडा ठरल्याहून पुढे जाऊ द्यायचा नाही, हा नियम असतो. आधी कुबड्यांच्या आधाराने, मग त्यांच्याशिवाय, असे चालणे महिनोन्‌महिन्यांनी साधते. उतावळा रुग्ण आपल्याच हाडाचा घात करतो.

एवढे सोसून काय मिळते? पाय काही क्षणांत लावता येतो व काढता येतो. घामाने चिघळणारे सॉकेट नाही, जांघेत रुतणारी कड नाही. खुर्चीवर नीट बसता येते. मांडी वळेल तसा पाय वळतो, कारण दोहोंमध्ये आता मऊ मांस नाही. आणखी एक लाभ असा, की ज्याची कोणी फारशी अपेक्षा केली नव्हती. पाऊल जमिनीला टेकले की त्याचा कंप दांडीतून हाडात जातो आणि माणसाला आपण कशावर उभे आहोत हे कळू लागते. हिरवळ, खडी, फरशी यांतील भेद या लोकांना जाणवतो. पाय कृत्रिमच असतो, पण जमिनीची वार्ता तो पुन्हा आणून देतो.

या उपायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कातडी हा शरीराचा तट आहे, आणि येथे त्या तटाला एक दार कायमचे उघडे राहते. त्या दारातून जंतू आत शिरू शकतात. म्हणून ती जागा रोज स्वच्छ करावी लागते, आणि हे व्रत जन्मभर पाळावे लागते. स्वीडनमधील ५१ रुग्णांच्या ५५ रोपणांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतर त्यांपैकी सुमारे ९२ टक्के रोपणे टिकून होती. परंतु निम्म्याहून अधिक रुग्णांना केव्हा ना केव्हा कातडीच्या वरवरच्या जंतुदोषाचा त्रास झालाच. क्वचित दोष हाडात उतरला तर रोपण काढून टाकण्याचीही वेळ येते. पडल्यास दांडी वाकू किंवा मोडू शकते; म्हणून अतिरिक्त पीळ पडताच सुटणारा एक सांधा तिला जोडतात. धावणे व उड्या मारणे टाळण्यास सांगतात. धूम्रपान करणाऱ्यांना व ज्यांचा मधुमेह बळावला आहे अशांना हा उपाय सहसा सुचवीत नाहीत. खर्चही मोठा असतो.

तथापि शोध थांबलेला नाही. जर्मनी, नेदरलँड्स व ऑस्ट्रेलिया येथील शस्त्रवैद्यांनी निराळ्या घडणीच्या दांड्या वापरून ही विद्या पुढे नेली. २०१३ साली स्वीडनमध्ये एका गृहस्थाचा कृत्रिम हात हाडाला जोडताना, त्याच्या मज्जातंतूंचे व स्नायूंचे संदेश वाहून नेणाऱ्या ताराही त्याच दांडीतून बाहेर आणल्या गेल्या. अमेरिकेच्या सरकारने स्वीडनच्या पद्धतीला २०२० च्या डिसेंबरात पूर्ण मान्यता दिली.

आपल्या देशातील परंपराही या संदर्भात विसरता येणार नाही. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांची सेवा करीत आले आहे. १९६८ साली कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविलेल्या रबरी ‘जयपूर फूट’ने गरिबांनाही अनवाणी चालता येईल, उकिडवे बसता येईल असे पाऊल दिले. हे पाय सॉकेटनेच जोडले जातात, आणि ज्यांना सॉकेट मानवते त्यांच्यासाठी तोच मार्ग सोपा, स्वस्त व सुरक्षित आहे. हाडातील पाय आहे तो ज्यांना सॉकेट सोसत नाही त्यांच्यासाठी. एका वाटेने दुसरी वाट बंद होत नाही.

सशाच्या हाडातून एक डबी निघाली नाही, आणि तिच्यापासून अडतीस वर्षांनी एका तरुणीला पाय मिळाला. त्या डबीपाशी एक मनुष्य थांबला, त्याने विचार केला आणि लोकांचा अविश्वास सोसून वाट पाहिली. वजनकाट्यावर पाय दाबून उभा असलेला रुग्णही तेच करीत असतो. हाड आपल्या गतीने वाढते. त्याला घाई मानवत नाही. जो हे ओळखतो, त्याचाच पाय रुजतो.