बाहेर यंत्र टांगण्यास मनाई असेल तर घर थंड कसे करावे?

उन्हाळा तोंडावर आला की एअर कंडिशनरच्या दुकानांत गर्दी होते, आणि पैसे मोजून झाल्यावर अनेकांना कळते की यंत्राचा बाहेरचा भाग लावायला जागाच नाही. महंमद अली रोड, डोंगरी, भायखळा या भागांतील पागडीच्या इमारतींत मालक दर्शनी भिंतीला हात लावू देत नाही. नव्या इमारतींत सोसायटीचा ठराव आडवा येतो. फोर्ट आणि मरीन ड्राइव्हकडे तर मामला आणखी कडक आहे. बृहन्मुंबईसाठी १९९५ साली वारसा नियमावली आली आणि २०१८ मध्ये तेथील गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेथे बाह्यरूपात बदल करायचा तर आधी परवानगीची वाट धरावी लागते.

या मनाईला केवळ आडमुठेपणा म्हणणे आम्हाला योग्य वाटत नाही. समुद्राच्या हवेत लोखंडी ब्रॅकेट गंजते आणि खालून रस्ता वाहत असतो. आपल्या यंत्राची गरम हवा वरच्या बिऱ्हाडाच्या खिडकीत शिरते, पाणी खालच्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकते. शेजाऱ्याचा हक्क किती मोठा आहे हे आमच्या वाचकांना सांगायला नको. तरीही घरात म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि रोजेदार असतात. त्यांना उकाड्यात ठेवणे हाही मार्ग नव्हे.

प्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. थंडावा कोणतेही यंत्र ‘तयार’ करत नाही. ते खोलीतील उष्णता उचलून दुसरीकडे टाकते. फ्रिजचे दार उघडे ठेवले तर स्वयंपाकघर थंड होत नाही, उलट तापते, कारण फ्रिजच्या मागची जाळी तीच उष्णता तेथेच सोडते. म्हणून ‘ना पाइप, ना खिडकी, तरी एसीसारखी हवा’ अशा जाहिरातीने दीड-दोन हजारांत विकला जाणारा प्लॅस्टिकचा डबा एसी नसतो. आत ओला कागद किंवा स्पंज आणि लहानसा पंखा असतो, इतकेच.

आता चाकांवरच्या पोर्टेबल एसीविषयी. बाहेर काही टांगायचे नसल्याने मनाई असलेल्या घरांत पहिले नाव याचेच निघते. किंमत साधारण तीस ते चाळीस हजारांच्या घरात जाते. कॉम्प्रेसर खोलीतच असतो आणि गरम हवा जाड नळीने खिडकीबाहेर सोडली जाते. अडचण अशी की एक नळीचे यंत्र बाहेर फेकायची हवा खोलीतूनच घेते. तेवढीच हवा मग दाराच्या फटीतून, स्वयंपाकघरातून, जिन्यातून आत ओढली जाते, आणि ती गरम असते. त्यात नळी स्वतःही तापते. म्हणून ‘एक टन’ म्हणजे तासाला १२,००० बीटीयू लिहिलेले यंत्र एक टनाच्या स्प्लिटइतके काम देत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१६ साली पोर्टेबल यंत्रे मोजण्याची वेगळी रीत ठरवली. तिच्यात ही आत येणारी गरम हवा वजा होते आणि जुन्या आकड्यापेक्षा नवा आकडा बराच खाली येतो.

दुकानदार बंधूंना येथे एक शब्द सांगावासा वाटतो. खोक्यावरचा आकडा वाचून दाखवणे आणि गिऱ्हाइकाला खोली थंड होईल असे सांगणे, यांत फरक आहे. मापात कमी देणाऱ्यांबद्दल सूरह मुतफ्फिफीनमध्ये काय ताकीद आहे हे आपण जाणता. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या बंद खोलीपलीकडे एक टनाचे पोर्टेबल यंत्र खपवू नये, असे आमचे मत आहे.

घेणाऱ्याने दोन नळ्यांचे यंत्र मिळाले तर तेच पाहावे. एक नळी बाहेरची हवा घेते, दुसरी सोडते, त्यामुळे खोलीची हवा फुकट जात नाही. एक नळीचेच घ्यावे लागले तर नळी आखूड व सरळ ठेवावी, तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवावे आणि खिडकीची उरलेली फट अॅक्रिलिक किंवा प्लायच्या फळीने नीट बुजवावी. नळी उघड्या खिडकीत नुसती अडकवली की निम्मे पैसे पाण्यात. मुंबईच्या दमट हवेत आतील पाण्याची टाकी लवकर भरते, तेव्हा निचऱ्याची नळी मोरीपर्यंत न्यावी. आवाजाची तयारीही असावी.

कूलरबाबत गाव पाहून निर्णय करावा. मालेगावात पारा ४२ अंशांवर आणि हवेतील आर्द्रता २० टक्क्यांवर असेल, तर चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. हा सौदा स्वस्तच आहे. मुंबईत मात्र ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम चार अंश उतरवतो आणि खोलीत ओल भरतो. घामच वाळत नाही. ज्या गावी कूलर चालतो तेथे समोरची खिडकी उघडी ठेवावी आणि टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी, नाहीतर डेंग्यूचे डास तेथेच वाढतात.

पाण्याने गारवा मिळवण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीला हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ हौदाच्या खालीच दालन आहे. वर पाणी, खाली गारवा. इराणातील यझ्द शहराचे बादगीर, म्हणजे वारा पकडणारे मनोरे, याच जातीचे.

सगळ्यात कमी खर्चाचे काम म्हणजे उष्णता आत येऊच न देणे, आणि तेच सगळ्यात शेवटी सुचते. साध्या काचेतून उन्हाची ८० टक्क्यांहून अधिक उष्णता आत येते. आतला पडदा ती अडवतो तोवर ती खोलीत आलेली असते. म्हणून पश्चिमेच्या खिडकीला बाहेरच्या अंगाने, ग्रिलच्या आत, बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा लावावा. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी सोसायटीला गच्चीवर पांढरा उष्णतारोधक लेप किंवा चायना मोझॅक करण्यास राजी करावे. तेलंगणाने तर २०२३ मध्ये अशा छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणले. जुना पंखा ७०-७५ वॅट वीज खातो, बीएलडीसी पंखा ३०-३५ वॅटमध्ये तेवढाच वारा देतो.

मनाई दर्शनी भिंतीपुरती आहे की सगळीकडेच, हेही लेखी विचारून घ्यावे. पुष्कळदा मागच्या डक्टमध्ये किंवा गच्चीवर स्टँड करून बाहेरचे युनिट ठेवता येते. घरगुती स्प्लिटची तांब्याची नळी बहुधा १५ मीटरपर्यंत नेता येते. यंत्राच्या पुस्तिकेतील मर्यादा पाहावी आणि जादा नळी व गॅसचा खर्च आधीच ठरवावा. अरुंद डक्टमध्ये मात्र पाच-सहा युनिटे एकावर एक बसली की खालच्याची गरम हवा वरचा घेतो आणि वरच्याचा कॉम्प्रेसर धापा टाकतो. तेथे गच्चीच बरी.

आखातात गेलेल्या कोकणातील तरुणांनी आणखी एक पद्धत पाहिली आहे. दुबई-अबुधाबीत अनेक इमारतींना मध्यवर्ती केंद्रातून थंड पाणी नळाने येते आणि खिडकीबाहेर काहीच लटकत नाही. आपल्याकडे गुजरातच्या गिफ्ट सिटीत ही सोय आहे. जुन्या मोहल्ल्यांत ती एवढ्यात येणार नाही.

आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या आपल्या मुलांना यात धंदा आहे. यंत्रे सगळेच बसवतात, पण खिडकीच्या मापाची फळी कापून देणे, गच्चीपर्यंत नळी नेणे, आधी खोलीचे ऊन पाहून सल्ला देणे, हे करणारे थोडे. हंगामापुरती पोर्टेबल यंत्रे भाड्याने देण्याचाही विचार व्हावा. भाडेकरूला तीन महिन्यांसाठी व्याजाच्या हप्त्यात अडकावे लागणार नाही. एक सावधगिरी ठेवावी. काही पोर्टेबल यंत्रांत आर-२९० म्हणजे प्रोपेन वायू असतो आणि तो पेट घेतो. त्याचे शिक्षण घेतल्याशिवाय नळीला टॉर्च लावू नये. आणि जुन्या इमारतीत यंत्र सुरू करण्यापूर्वी मीटरपासून स्वतंत्र वायर, योग्य एमसीबी आणि १६ अँपिअरचा सॉकेट आहे का हे पाहावे. पंख्याच्या सॉकेटमधून एक्स्टेंशन ओढून यंत्र चालवण्याचा आग्रह गिऱ्हाइकाने धरला तर ते काम सोडून द्यावे.