हाक कोणत्या शब्दाने मारावी?



आपल्या शाळांच्या पटावर असलेली, परंतु बरेच दिवस वर्गात न दिसलेली काही मुले पुण्याच्या मार्केट यार्डात आईबापांबरोबर असतात, असे कळल्यावरून मी एकदा सकाळी तेथे गेलो होतो. कांदा-बटाटा विभागात एक बाई कांदा निवडीत बसल्या होत्या. शेजारी त्यांचा नऊदहा वर्षांचा मुलगा होता. नोंदवही उघडून मी पहिला प्रश्न केला, “तुम्ही लमाण ना?”

बाई म्हणाल्या, “तुम्ही लमाण म्हणता, साहेब. आमच्यात आम्ही गोर म्हणतो. पण ते ऱ्हाऊ द्या. पोराला नाव हाय. शाळेत नाव कुणी घेत न्हाई, ‘ए लमाण्या’ म्हणत्यात. म्हणून तो जात न्हाई.”

तीस वर्षे शिक्षण खात्यात घालविलेल्या मनुष्यास याहून स्पष्ट उत्तर मिळावयाचे नाही. मूल गैरहजर राहण्याची कारणे आपण दारिद्र्यात आणि स्थलांतरात शोधतो, व ती तेथे असतातही. परंतु एखादे कारण आपल्याच जिभेवर असू शकते. म्हणून समाजांच्या नावांविषयी थोडा विचार करणे इष्ट आहे.

याच समाजाचे उदाहरण घेऊ. मराठीत त्यास बंजारा किंवा लमाण म्हणतात, कानडीत लंबाणी, तेलुगूत लंबाडी. ते स्वतःस गोर किंवा गोरमाटी म्हणवितात. सरकारी वर्गवारीही प्रांतागणिक निराळी आहे. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो. यावरून दिसेल की, बाहेरच्यांनी दिलेले नाव आणि दप्तरातील वर्ग ही देणाऱ्याच्या सोयीने ठरतात. स्वतःचे नाव मात्र माणूस स्वतःबरोबर नेतो.

अशा स्वतःच्या नावांचे अर्थ पाहण्यासारखे आहेत. मेळघाटातील कोरकू या नावाचा त्यांच्या भाषेतील अर्थ ‘माणसे’ असा आहे. उत्तर ध्रुवाजवळील ज्या लोकांस आपण भूगोलात एस्किमो म्हणून शिकलो, त्यांच्यापैकी अनेक जण स्वतःस इन्युइट म्हणवितात. त्याचाही अर्थ ‘माणसे’ हाच. एस्किमो हे नाव इतरांनी दिलेले असल्यामुळे त्यांतील पुष्कळांस ते रुचत नाही. आपल्या संविधान सभेतही जयपालसिंग मुंडा यांनी ‘बनजाती’ या शब्दास हरकत घेऊन ‘आदिवासी’ या शब्दाचा आग्रह धरला होता. वनात राहणारा आणि मूळचा रहिवासी या दोन कल्पनांतील अंतर त्यांस महत्त्वाचे वाटले.

नाव लादल्याने केवळ मन दुखावते असे नाही. इंग्रज सरकारने 1871 साली केलेल्या कायद्याने अनेक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. कायदा गेला, तरी संशय गेला नाही. वर्गात पेन्सिल हरवताच प्रथम पारध्याच्या मुलाचे दप्तर तपासले जाते, तेव्हा 1871 सालचाच शब्द न उच्चारता वापरलेला असतो.

येथे एक शंका उपस्थित होईल. मग शाळेच्या दप्तरात काय लिहावे? दप्तर आणि हाक यांत भेद करावा. जनरल रजिस्टरमधील जातीची नोंद पालकांच्या कागदपत्रांप्रमाणे अचूक व पूर्ण असावी. तेथे आपल्या मनाने गोड शब्द घालू नये. फासेपारधी अनुसूचित जमातींत आहेत, तर पाल पारधी व राज पारधी विमुक्त जातींत. तेथे अर्धवट लिहिलेली नोंद पुढे जातीच्या दाखल्याच्या वेळी त्या मुलास नडते. परंतु ती नोंद कपाटात राहावी. हजेरी घेताना, शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना किंवा पाहुण्यांस वर्ग दाखविताना जातीचा उच्चार करण्याचे कारण नाही. ज्यांचे अर्ज अपुरे असतील त्या मुलांस नावाने एकेकटे बोलवावे.

पाठात एखाद्या समाजाचा उल्लेख आवश्यकच असेल, तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात. ते लोक स्वतःस काय म्हणवितात? तो शब्द गावात शिवीसारखा वापरला जातो काय? आणि त्या समाजाचे मूल समोर बसले असता आपण तो त्याच स्वरात उच्चारू काय? लमाण हा शब्द मुळात वाईट नाही, आणि कित्येक जण तो सहज वापरतातही. ‘ए लमाण्या’ म्हणणाऱ्याने तो वाईट केला. उलट शब्द कितीही शुद्ध असला, तरी हेटाळणीच्या स्वरात तोही बिघडतो. जेथे शंका वाटेल तेथे पालकांस विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. वस्तीच्या पाटीस शासननिर्णय लागतो. वर्गातील हाक सुधारण्यास तो लागत नाही; उद्या सकाळच्या हजेरीपासून ती सुधारता येईल.

त्या दिवशी बाईंचे बोलणे ऐकून मी नोंदवही मिटली आणि मुलाकडे वळून त्याचे नाव विचारले. वस्तुतः माझा पहिला प्रश्न तोच असावयास हवा होता.