शिवडा तळाशी नसतो तेव्हा

गळाच्या मालिकेतला या वेळचा भाग शिवड्यावर. एप्रिल-मे आला की एकच तक्रार ऐकू येते: तळाला गळ सोडून रात्र काढली, दोरी हललीसुद्धा नाही. कारण साधं आहे. मासा तिथे नसतोच.

सिद्धगडाच्या पायथ्याचं जांभुर्डे घ्या, बारवी घ्या, नाहीतर शहापूरकडचं भातसा. उन्हाने वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, आणि दोन्ही मिसळत नाहीत. तळाला पाला, गाळ कुजत राहतो, त्यात प्राणवायू संपतो. मांगूर वर येऊन हवा घेऊ शकतो, पण शिवड्याला ती सोय नाही. मग तो मधल्या थरात लटकतो, जिथे बारीक मासळीही जमलेली असते.

आता तो थर शोधायचा कसा? बाटलीला दगड बांधा, हलकंसं बूच लावा आणि बुचाला वेगळी दोरी. दोरीला दर मीटरला गाठ. बाटली खाली सोडायची, झटका देऊन बूच काढायचं, भरली की वर ओढून लगेच थर्मामीटर बुडवायचा. मी आधी अर्ध्या खोलीवर बघतो, मग उरलेल्याचा अर्धा (आमच्या धंद्यातला बायनरी सर्च, दुसरं काय!). एका-दोन मीटरमध्ये पाणी एकदम गार लागलं की सीमा सापडली. पाण्याला सडक्या अंड्याचा वास आला तर तिथे आमिष सोडण्यात अर्थच नाही.

गळ सीमेच्या मीटरभर वर ठेवायचा. त्यासाठी सरकता फ्लोट. तंगुसाला हव्या त्या खोलीवर सुती दोऱ्याची घट्ट गाठ मारा, खाली मणी, मग फ्लोट, शिसं आणि गळ. गाठ रॉडच्या कड्यांतून सुटून जाते, त्यामुळे आठ मीटर खोलीसाठीही फेक नीट होते. आमिष म्हणून जिवंत छोटा मासा उत्तम. कोंबडीची कलेजी फेकतानाच सुटून पडते. शिवड्याचे दात बारीक पण बेकार, म्हणून गळाच्या वर वीतभर तार हवीच. जागा म्हणाल तर ओढा धरणात उतरतो ते तोंड, किंवा बुडालेल्या झाडांची कड. वेळ रात्रीची.

सिद्धगडाचं जंगल भीमाशंकर अभयारण्यात येतं, तिथल्या ओढ्यांत गळ टाकायचा नाही. धरणात मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडे असतात, आधी विचारा.

आणि एक. मे महिन्यात मिळालेल्या मादीचं पोट फुगलेलं दिसलं तर ती पावसाची वाट बघतेय. शिवडा, म्हणजे वॅलागो अट्टू, आययूसीएनच्या यादीत असुरक्षित गटात आहे. तिला पाण्यातच धरून पक्कडीने गळ काढा. वजन-फोटोच्या नादात काठावर आपटू देऊ नका.