एक पिक्सेल, एक गुंठा

२०२५च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी बारामतीच्या ऊसशेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगाचं जाहीर कौतुक केलं. इलॉन मस्क यांनी त्याला एका ओळीची दाद दिली आणि 'एआय ऊस' हा शब्द ऊसपट्ट्यात घरोघरी पोचला. जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळानं 'महाअ‍ॅग्री-एआय' धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून 'निसार' उपग्रह झेपावला. वर्षभरात तीन मोठ्या बातम्या आल्या आणि तिन्हींत शेतीचं नाव होतं.

तंत्रज्ञानाची बातमी दिसली की ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, ही माझी जुनी खोड. पण हातकणंगले तालुक्यात बसून वाचताना कसोटी आपोआप बदलते. उत्तरेच्या शिवेवर वारणा, दक्षिण भागातून पंचगंगा आणि मधे वाटण्या होत होत गुंठ्यांवर आलेल्या उसाच्या पट्ट्या. इथं नव्या यंत्राला विचारायचा प्रश्न एकच आहे : ते जो आकडा देतं, तो शेतकऱ्याला स्वतः पडताळता येतो का?

वरून दिसणारा गुंठा

सुरुवात उपग्रहाच्या चित्रापासून करू. युरोपीय अवकाश संस्थेच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहांची जोडी साधारण दर पाच दिवसांनी आपल्या शिवारावरून जाते. तिच्या मुख्य पट्ट्यांतल्या चित्राचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा १० मीटर लांब, १० मीटर रुंद चौकोन. क्षेत्रफळ १०० चौरस मीटर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एक पिक्सेल आणि एक गुंठा जवळपास सारखेच! शिवाय ही चित्रं फुकट आहेत. इंटरनेट असलेल्या कुणालाही आपल्या गटाचं मागच्या आठवड्याचं चित्र पाहता येतं.

पीक जोमात आहे की नाही, हे या चित्रातून कसं कळतं? पानातलं हरितद्रव्य सूर्यप्रकाशातला लाल रंग शोषून घेतं आणि त्यावर अन्न तयार करतं. लाल रंगाच्या पलीकडचे, आपल्या डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मात्र निरोगी पानाच्या आतल्या पेशींवरून विखरून परत फिरतात. त्यामुळे लाल कमी आणि अवरक्त जास्त परतत असेल, तर पीक हिरवंगार आहे असं समजायचं. या दोघांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेनं भागलं की 'एनडीव्हीआय' नावाचा निर्देशांक मिळतो. उघड्या मातीवर तो शून्याच्या जरा वर असतो, दाट पिकावर ०.८च्या आसपास जातो. पाण्याचा ताण पडला किंवा रोग आला की तो घसरतो. पुष्कळदा डोळ्यांना पिवळेपणा दिसण्याआधीच घसरतो.

उसात मात्र या आकड्याची एक अडचण आहे. आडसाली लागण सोळा-अठरा महिने रानात असते. पाच-सहा महिन्यांत पानांनी सऱ्या झाकल्या की एनडीव्हीआय वरच्या टोकाला जाऊन थबकतो. ऊस पुढं वाढतच राहतो, कांड्या धरत राहतो, वजन घेत राहतो. आकडा मात्र हलत नाही. या टप्प्यात लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचा 'रेड-एज' पट्टा जास्त उपयोगी पडतो. पण सेंटिनेल-२ वर तो २० मीटरच्या पिक्सेलनं मिळतो. म्हणजे एकेका ठिपक्यात चार-चार गुंठे एकत्र मिसळले.

त्यात आपल्या पट्ट्यांचा आकार. २० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब असं वीस गुंठ्यांचं रान घ्या. कागदावर त्यात वीस पिक्सेल बसतात, पण उपग्रहाची जाळी काही आपल्या बांधाला समांतर नसते. कडेच्या पिक्सेलमध्ये बांधावरची झाडं येतात, पाणंद येते, शेजाऱ्याचा खोडवा येतो. फक्त आपल्याच उसाचे निर्भेळ पिक्सेल मोजायला गेलं, तर निम्मेही हाती लागणं कठीण. शंभर एकरांच्या सलग मळ्यावर खरी ठरणारी बातमी वीस गुंठ्यांवर आली की तिचा सूर असा उतरतो.

'पाणी देऊ नका' हा सल्ला

बारामतीच्या प्रयोगात म्हणूनच सगळी भिस्त उपग्रहावर ठेवलेली नाही. तिथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीनं उपग्रहाची चित्रं, मातीतले सेन्सर आणि हवामान केंद्राच्या नोंदी एकत्र जोडल्या. ओल किती, क्षार किती, तापमान किती, पुढं पाऊस आहे का, हे सगळं गणितात घालून पाणी आणि खताचा सल्ला मोबाइलवर पाठवायचा, अशी ही रचना. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाशावर चालणारा उपग्रह आठवडेच्या आठवडे आंधळा असतो. तेव्हा मातीतला सेन्सर कामाला येतो.

या बातमीचा मथळा सगळीकडे वाढलेल्या टनेजचा झाला. आमच्या भागापुरतं बोलायचं तर खरी कमाई पाण्यात आहे. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत नदीकाठची कितीतरी काळी जमीन वर्षानुवर्षं पाजलेल्या जास्तीच्या पाण्यानं क्षारपड झाली आहे. मुळांच्या खाली साचलेलं पाणी केशाकर्षणानं वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि सोबतचे क्षार मातीच्या वरच्या थरात सोडून जातं. अशा रानात सेन्सरचा सगळ्यात मोलाचा निरोप असेल : आज पाणी देऊ नका.

तो निरोप पाळणं मात्र एकट्या शेतकऱ्याच्या हातात नसतं. पाणीपुरवठा संस्थेची पाळी ठरलेली असते आणि शेतीपंपाची वीजही पाळीनंच येते. आज पाणी सोडलं नाही, तर पुढची पाळी कधी येईल या धास्तीनं माणूस मोटर चालू करतो. मोबाइलवरचा सल्ला आणि संस्थेचं वेळापत्रक यांची सांगड घातली नाही, तर सेन्सर बरोबर बोलेल आणि पाणी पूर्वीसारखंच पाजलं जाईल. म्हणून सेन्सर एकेका सभासदाला विकण्यापेक्षा पाणीपुरवठा संस्थांनी घ्यावेत आणि त्यांच्या नोंदींवर पाळी ठरवावी. या तंत्राचा इथं पहिला उपयोग तोच होऊ शकतो.

ढगांपलीकडून पूर

'निसार'ची बातमी बारामतीइतकी गाजली नाही. नदीकाठच्या गावांसाठी ती जास्त मोठी आहे, असं माझं मत. इस्रो आणि नासा यांचा हा संयुक्त उपग्रह ७४७ किलोमीटर उंचीवरून फिरतो. तो सूर्यप्रकाशाची वाट पाहत नाही. स्वतःच रडार लहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतो. त्यामुळे रात्र असो, ढग असोत, त्याचं काम थांबत नाही. त्याच्यावर दोन रडार आहेत : नासाचं एल-बँड, त्याची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांब, आणि इस्रोचं एस-बँड, त्याची लहर ९ सेंटिमीटरांच्या आसपास. लांब लहर पानांच्या छत्रीतून जास्त आत शिरते.

पुराच्या वेळी हे कसं उपयोगी पडतं पाहा. उघडं, शांत पाणी रडारची तिरपी लहर आरशासारखी दुसरीकडेच परतवतं, त्यामुळे चित्रात ते काळं दिसतं. पण पाण्यात उसासारखं उभं पीक असेल, तर लहर आधी पाण्यावर आणि मग बुंध्यावर, अशी दोनदा आपटून थेट उपग्रहाकडे परत येते. तो भाग चित्रात उजळतो. काळा भाग म्हणजे सगळं बुडालं, उजळलेला भाग म्हणजे पीक पाण्यात उभं आहे. ऊस जगणार की जाणार, हे याच फरकावर ठरतं. शेंडा पाण्याच्या वर राहिला तर ऊस बरेच दिवस तग धरतो. शेंडा बुडून पोंग्यात गढूळ पाणी शिरलं की तो कुजतो.

२०१९चा ऑगस्ट आणि २०२१चा जुलै कुणी विसरलेलं नाही. वारणाकाठी खोची, पंचगंगेकाठी रुई-इंगळी, सगळीकडे शिवार पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले, तेव्हा कुठल्या गटात किती दिवस पाणी होतं याचा पुरावा म्हणजे तलाठ्याची नोंद आणि शेतकऱ्याचा शब्द. रडारचं चित्र हा तिसरा साक्षीदार आहे. एकच मर्यादा लक्षात ठेवावी लागेल. निसार एकाच मार्गावरून दर १२ दिवसांनी परततो. जाता-येताच्या दोन्ही फेऱ्या धरल्या तरी १२ दिवसांत एका जागेच्या साधारण दोन नोंदी. पंचगंगेचा पूर तेवढ्यात चढून उतरूही शकतो. म्हणून निसारच्या जोडीला युरोपचा सेंटिनेल-१ आणि इस्रोनं फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०४, असे दुसरे रडार उपग्रहही वापरावे लागतील. हे नकाशे गट क्रमांकासह ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागले, तर पंचनाम्याच्या वादाचा निम्मा भार हलका होईल.

वारणेनं आधीच दिलेला धडा

शेतीत संगणक आणण्याची आमच्या भागाला नवलाई नाही. १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा उद्योगसमूह यांनी मिळून 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू केला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी पसाऱ्यातली कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांमधली सुमारे ७० गावं त्यात होती. गावोगावी संगणक केंद्रं निघाली. बाजारभाव, पीकसल्ला, जमिनीचे उतारे असं सगळं काही तिथं मिळणार होतं.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रातले लोक तिथं आले. त्यांना दिसलं की शेतकरी केंद्रावर मुख्यतः कारखान्याशी असलेल्या आपल्या व्यवहारासाठी येतो : माझ्या उसाचं वजन किती भरलं, खत किती उचललं. एवढ्या छोट्या माहितीसाठी वीज गेली की बंद पडणारा, दुरुस्तीला शहरातला माणूस लागणारा संगणक कशाला? त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम चालवून पाहिलं. खर्च कमी झाला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांना हीच पद्धत जास्त आवडली. मोठ्या बातमीतला संगणक मागं पडला आणि आपल्या उसाचा आकडा आपल्याला सांगणारा दोन ओळींचा निरोप सरस ठरला.

त्या प्रयोगातले एक संशोधक केंतारो तोयामा यांनी पुढं २०१५ मध्ये 'गीक हेरसी' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा सिद्धांत असा : तंत्रज्ञान नवी वृत्ती निर्माण करत नाही, आहे तिला मोठं करतं. संस्था चोख असेल तर ती जास्त चोख होते. ढिसाळ असेल तर ढिसाळपणाला वेग येतो. आमच्या तालुक्याचा इतिहासही याला दुजोरा देतो. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तो फोफावला, कारण बिघडलेला माग जागेवर चालू करणारे जॉबर आणि फिटर याच गावात तयार झाले.

गोडी कुणाच्या खात्यात?

आता शेवटचा आणि अवघड मुद्दा. ऊस पक्व होत आला की पानांतलं पाणी आणि हिरवेपणा हळूहळू कमी होतो. उपग्रह हा बदल टिपतो. रानातून घेतलेल्या ब्रिक्सच्या, म्हणजे रसाच्या गोडीच्या, नोंदींशी त्याचा मेळ घातला की कुठला प्लॉट आधी तोडावा, याचा अंदाज बांधता येतो. शास्त्र म्हणून हे पटण्यासारखं आहे. पण याचा पैसा कुणाला मिळतो?

२०२५-२६ हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३५५० रुपये एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरवली. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागं ३४ रुपये ६० पैसे जास्त. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात एवढ्याशा फरकाचे ३ कोटी ४६ लाख रुपये होतात. मात्र हा उतारा एकेका शेतकऱ्याचा नसतो, सगळ्या कारखान्याचा सरासरी असतो. ज्याचा ऊस सर्वांत गोड, त्यालाही दर तोच. शेतकऱ्याचं बिल वजनावर निघतं आणि तोड लांबली तर ऊस वाळून वजन घटतं. एकाला गोडी हवी, दुसऱ्याला वजन. अशा वेळी तोडीचा क्रम गणितानं लावला आणि ते गणित सभासदाला दिसलंच नाही, तर जुना वशिल्याचा संशय 'कॉम्प्युटरनं ठरवलं' या नव्या उत्तराआड जाईल.

म्हणून कारखान्याच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी एवढी मागणी जरूर करावी : माझ्या गटाचा उपग्रह निर्देशांक, माझ्या प्लॉटच्या ब्रिक्सची नोंद, माझा तोडणीचा क्रमांक आणि माझ्या खेपेचं काट्यावरचं वजन, हे सगळं त्याच दिवशी मला माझ्या मोबाइलवर मिळालं पाहिजे. ब्रिक्स मोजायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर गावातल्या चार जणांनी वर्गणी काढून घ्यावा आणि कारखान्याचा आकडा त्यावर ताडून पाहावा. मगच कुठल्या एआयसाठी ऊसबिलातून टनामागं किती कपात मान्य करायची, हे ठरवावं.