एक कार्ड, अनेक पडदे : उपग्रह-दूरचित्रवाणीतील कार्डवाटपाचा प्रश्न

उपग्रहावरून येणाऱ्या लहरी सर्वांच्या छपरांवर सारख्याच उतरतात. वर्गणी भरणारा आणि न भरणारा असा भेद आकाशातून करता येत नाही. तो सांकेतिकीकरणानेच करावा लागतो. युरोपात अंकीय प्रक्षेपणासाठी १९९४ साली एक सामाईक सांकेतिक पद्धती स्वीकारण्यात आली. त्या व्यवस्थेत कार्डवाटप, म्हणजे प्रचलित भाषेत कार्ड-शेअरिंग, कसे शक्य होते, कायद्याच्या दृष्टीने त्याचे स्वरूप काय आणि ते करणाऱ्यावर कोणते संकट ओढवू शकते, एवढाच विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रथम मूळ व्यवस्था पाहू. चित्र व ध्वनी यांचा प्रवाह ६४ बिटांच्या एका किल्लीने संकेतबद्ध केला जातो आणि ही किल्ली साधारणतः दर दहा सेकंदांनी बदलते. नवी किल्ली कार्यक्रमासोबतच, परंतु स्वतः संकेतबद्ध होऊन येते. ती उलगडण्याचे साधन वर्गणीदाराच्या स्मार्ट कार्डात असते. कार्डाने अधिकार तपासला की उलगडलेली किल्ली सेट-टॉप बॉक्सकडे जाते आणि पडद्यावर चित्र उमटते. वर्गणी थकल्यास प्रक्षेपक निराळा संदेश पाठवून त्या कार्डाचा अधिकार काढून घेऊ शकतो.

या रचनेचे मर्म असे की, प्रत्येकाचे कार्ड निराळे असले तरी त्यातून बाहेर पडणारी किल्ली सर्वांसाठी एकच असते. ती एकच असणे भागही आहे. कारण उपग्रह सर्वांना एकच प्रवाह पाठवितो. कार्डवाटप करणारा नेमका याचाच लाभ घेतो. तो आपले कार्ड इंटरनेटशी जोडलेल्या यंत्रात बसवितो. दूरच्या घरातील बॉक्स संकेतबद्ध संदेश त्या यंत्राकडे पाठवितो आणि उलगडलेली किल्ली परत मिळवितो. चित्र प्रत्येकाच्या तबकडीवर आकाशातून येतच असते. जाळ्यावरून जावयाचे असतात ते दर दहा सेकंदांत चालू व पुढील किल्लीचे मिळून अवघे १६ बाइट. म्हणूनच मंदगती जोडणीवरही हा व्यवहार चालू शकतो.

येथे सांकेतिक पद्धती फोडली जात नाही, हे ध्यानी घेतले पाहिजे. ती फोडण्याचा प्रश्न निराळा आहे. ६४ पैकी वस्तुतः ४८ बिटच अज्ञात असल्याने, पूर्वीच गणून ठेवलेल्या कोष्टकांच्या साहाय्याने किल्ली काही सेकंदांत शोधता येते, हे जर्मनीतील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले. कार्डवाटपास मात्र अशा गणिताची गरजच नसते. कार्डाने दिलेली किल्ली ठराविक बॉक्सलाच वाचता येईल अशा रीतीने पुन्हा संकेतबद्ध करणे, हा त्यावरील एक उपाय होय. तथापि त्या बॉक्सचेच रहस्य फुटल्यास हाही बांध टिकत नाही.

कायद्याकडे वळल्यास, युरोपीय संघाच्या २० नोव्हेंबर १९९८ च्या निर्देशाने सेवादात्याच्या अनुमतीवाचून संरक्षित सेवा खुली करणारी उपकरणे व संगणक-प्रणाली यांचा व्यापारी व्यवहार निषिद्ध ठरविला. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यातील कलम २९७ अ नुसार अनधिकृत विसंकेतक विकणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र येथे एक भेद करावयास हवा. परदेशी सेवादात्याचे रीतसर विकत घेतलेले कार्ड अन्य देशात वापरणे हे केवळ त्या कारणाने निषिद्ध उपकरण ठरत नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये इंग्लंडमधील फुटबॉल-प्रक्षेपणासंबंधीच्या वादात दिला. तेथे कार्ड सेवादात्यानेच दिलेले होते आणि त्याचे मूल्यही चुकते झाले होते. कार्डवाटपात एका वर्गणीवर अनेक घरे पोसली जातात. आपल्याकडे प्रक्षेपणाचे हक्क १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने रक्षिले असून, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण चुकविणाऱ्यास २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ६५ अ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो.

कायद्याची भीती न बाळगणाऱ्यानेही दुसऱ्या बाजूचा विचार करावा. किल्लीच्या प्रत्येक मागणीबरोबर कोणती वाहिनी हवी आहे ते कळवावे लागते. म्हणजे दर दहा सेकंदांनी हे घर कोणत्या पत्त्यावरून काय पाहत आहे, याची नोंद एका अनोळखी इसमापाशी होऊ शकते. हे बॉक्स बहुधा लिनक्सवर चालणारे लहान संगणकच असतात. मूळचा परवलीचा शब्द न बदलता आणि राउटरवरील द्वार बाहेरून खुले करून ते वापरले, तर त्यांच्या वाटेने घरातील अन्य यंत्रांपर्यंत पोहोचणे परक्यास सुकर होते. त्यांवर बसविल्या जाणाऱ्या प्रणालींपैकी काहींचा मूळ संहिताक्रम गुप्त असल्याने त्या आणखी काय करतात हे तपासणे दुर्घट असते. शिवाय पैसे घेणाऱ्याने उद्या सेवा बंद केली, तर दाद कोणाकडे मागणार?

सारांश, येथे गणित पराभूत झालेले नाही. सर्वांना एकच किल्ली द्यावी लागणे ही एकमार्गी प्रक्षेपणाची अटळ अट आहे, आणि त्या अटीतूनच हा प्रश्न उद्भवतो. सुरक्षाव्यवस्थेची परीक्षा करणाऱ्या अभ्यासकाने रहस्य किती बळकट आहे हे तर पाहावेच. पण ते उलगडल्यानंतर बाहेर काय पडते आणि ते दुसऱ्याच्या हाती किती सहज देता येते, हेही तितक्याच काटेकोरपणे पाहिले पाहिजे.